विश्लेषण : जुन्या कॅमेऱ्याच्या फायली उघडेनात, मग ‘फोकस स्टॅकिंग’ कसे करायचे?

कंधारच्या भुईकोट किल्ल्यातील एखाद्या कोरीव दगडाची वीस वर्षांपूर्वी टिपलेली छायाचित्रे, कपाशीवरील किडींची महाविद्यालयातील एखाद्या प्राध्यापकाने काढलेली चित्रमालिका किंवा घरात जपलेल्या जुन्या नाण्यांचे जवळून घेतलेले फोटो, असा ऐवज अनेक ठिकाणी जुन्या मेमरी कार्डांत आणि सीडींत पडून असतो. तो नव्या संगणकावर उघडायला गेले, की ‘ही फाइल ओळखता येत नाही’ एवढाच संदेश दिसतो. त्यातच एकाच वस्तूचे वीस-पंचवीस फोटो जोडून एक स्पष्ट चित्र तयार करायचे असेल, तर अडचण दुप्पट होते. आधी फायली उघडायला हव्यात आणि मग त्या नीट जुळायला हव्यात. हे काम घरच्या संगणकावर, बहुतांशी मोफत साधनांनी करता येते. मात्र त्याचा क्रम चुकला, तर मूळ छायाचित्र कायमचे हातचे जाऊ शकते.

फोकस स्टॅकिंग म्हणजे काय?

कॅमेरा एका वेळी एकाच अंतरावर फोकस करतो. त्या अंतराच्या थोडे पुढचे आणि थोडे मागचे स्पष्ट दिसते, बाकीचे पुसट होते. स्पष्ट दिसणाऱ्या या पट्ट्याला छायाचित्रणात ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात. दूरच्या डोंगराचा फोटो काढताना हा पट्टा इतका मोठा असतो, की त्याची जाणीवही होत नाही. पण मुंगी, फुलातील पुंकेसर किंवा नाण्यावरील अक्षरे जवळून टिपताना तो कागदाच्या जाडीइतका उरतो. मुंगीचा डोळा स्पष्ट आला तर पाय पुसट येतात, पाय स्पष्ट आले तर डोळा हरवतो.

यावरचा उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा जागचा न हलवता फोकस किंचित किंचित पुढे सरकवत अनेक फोटो काढायचे आणि प्रत्येक फोटोतील स्पष्ट भाग तेवढा उचलून सॉफ्टवेअरच्या साह्याने एक चित्र तयार करायचे. हे तंत्र केवळ हौशी छायाचित्रकारांचे नाही. ‘नासा’च्या ‘क्युरिऑसिटी’ या मंगळावरील बग्गीच्या हातावर बसवलेला ‘माहली’ हा कॅमेरा वेगवेगळ्या फोकसचे आठपर्यंत फोटो तिथल्या तिथे जोडून एक चित्र पृथ्वीवर पाठवू शकतो. मंगळावरून येणारा प्रत्येक फोटो मोलाचा, म्हणून ही सोय.

त्याची गरज नेमकी केव्हा भासते?

थोडे गणित पाहिले, की हे लगेच ध्यानात येते. वस्तू सेन्सरवर तिच्या मूळ आकाराइतकीच उमटत असेल (याला ‘एकास एक’ प्रमाण म्हणतात) आणि भिंगाचे छिद्र ‘एफ ८’ असेल, तर फुलफ्रेम कॅमेऱ्यात स्पष्ट पट्टा सुमारे एक मिलिमीटरचा मिळतो. वस्तूची खोली दहा मिलिमीटर असेल आणि लागोपाठचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवायचे असतील, तर फोकस साधारण ०.७ मिलिमीटरने सरकवावा लागतो. म्हणजे एका चित्रासाठी सुमारे १५ फोटो. सूक्ष्मदर्शकाच्या दहापट भिंगाखाली हा पट्टा आठ-नऊ मायक्रॉनवर येतो. तेथे एक मिलिमीटर खोलीच्या वस्तूसाठी शंभराहून अधिक फोटो लागतात.

‘मग छिद्र आणखी लहान करून एकाच फोटोत काम का भागवू नये,’ असा प्रश्न साहजिक आहे. छिद्र लहान केले, की पट्टा वाढतो हे खरे. पण फार लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळेच चित्र किंचित मऊ, धूसर होते. एकास एक प्रमाणात ‘एफ १६’चा परिणाम प्रत्यक्षात ‘एफ ३२’सारखा होतो. पट्टा मिळतो, पण बारकावा जातो.

कंधार-नांदेड परिसराशी याचा संबंध काय?

मन्याड नदीकाठचे कंधार हे राष्ट्रकूटकालीन वैभवाचे ठिकाण. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण (कारकीर्द इ. स. ९३९ ते ९६७) याच्या काळाशी या नगराचे नाते सांगितले जाते. येथील शिलालेखात जगत्तुंग समुद्र या तलावाचा उल्लेख येतो. क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेषही येथील. किल्ल्यात पुढच्या काळातील बांधकामे आहेत. ऊन, पाऊस, शेवाळ आणि माणसांचा वावर यांमुळे उघड्यावरचे कोरीव काम झिजत राहते. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा स्पष्ट फोटो आणि आजचा फोटो यांची तुलना हाच झीज मोजण्याचा एक सोपा मार्ग ठरतो. जुनी फाइल उघडलीच नाही, तर तुलनेचा आधार राहत नाही.

दुसरा संबंध शेतीचा. कंधार तालुक्यात कापूस आणि सोयाबीन ही महत्त्वाची पिके. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने दिलेले ‘एनएचएच ४४’ हे संकरित वाण राज्यभर गाजले. हे केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. कपाशीवरील फुलकिडा जेमतेम एक ते दोन मिलिमीटरचा, पांढरी माशीही सुमारे एक मिलिमीटरची. २०१७ च्या खरिपात राज्यातील कपाशीला ज्या गुलाबी बोंडअळीने घेरले, तिचे अंडे तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. इतक्या लहान जिवाची ओळख पटवायची, तर पंखांच्या कडेचे केस, मिशांचे खंड, पाठीवरचे ठिपके हे सगळे एकाच चित्रात स्पष्ट दिसावे लागते.

जीवशास्त्रात तर हा प्रश्न आणखी नाजूक असतो. ठाणे परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या प्रजातीला २०२१ मध्ये हुतात्मा पोलीस अधिकारी तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ असे नाव देण्यात आले. काही मिलिमीटरच्या अशा कोळ्याचे वेगळेपण ठरवताना डोळ्यांची मांडणी आणि नराच्या तोंडाजवळील स्पर्शकांची रचना पाहिली जाते. धूसर फोटोवरून असा निर्णय होत नाही.

सॉफ्टवेअर नेमके काय करते?

पहिली पायरी जुळणीची. फोकस बदलला, की चित्राचा आकारही किंचित बदलतो. वस्तू थोडी मोठी किंवा लहान दिसते. सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो ताणून, आक्रसून, किंचित फिरवून शेजारच्या फोटोवर बसवते. दुसरी पायरी निवडीची. चित्राच्या प्रत्येक बिंदूजवळ कोणत्या फोटोत बारकावा, म्हणजे लगतच्या बिंदूंतील उजेडाचा फरक, सर्वाधिक आहे हे ते मोजते. तिसरी पायरी जोडणीची.

जोडणीच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एका पद्धतीत ‘कोणता बिंदू किती खोलीवर आहे’ याचा नकाशा तयार होतो आणि त्यानुसार मूळ फोटोतील बिंदू जसाच्या तसा उचलला जातो. रंग आणि पोत यात खरे राहतात. दगड, नाणे, पान यांसारख्या सलग पृष्ठभागासाठी ही पद्धत चांगली. पण एकमेकांवरून जाणारे केस किंवा पाय असले, की कडांभोवती धूसर वलय दिसते. दुसऱ्या पद्धतीत चित्राचे ठळक आणि बारीक अशा थरांत विभाजन करून प्रत्येक थर वेगळा जोडला जातो. केसाळ किडी, काटे, जाळीदार रचना यांसाठी ती उत्तम. मात्र तीत चित्रातील रवाळपणा वाढतो आणि रंग थोडे बदलतात. म्हणून अनुभवी लोक दोन्ही चित्रे तयार करतात आणि एकातील बिघडलेला भाग दुसऱ्यातून भरतात.

कोणती साधने उपलब्ध आहेत?

या क्षेत्रात दोन नावे वारंवार येतात. युक्रेनमधील खारकीव्ह शहरात तयार झालेले ‘हेलिकॉन फोकस’ आणि अमेरिकेतील रिक लिटलफिल्ड यांचे ‘झेरीन स्टॅकर’. दोन्ही विकत घ्यावी लागतात, पण मर्यादित काळ मोफत वापरून पाहता येतात. ‘फोटोशॉप’मध्ये २००८ च्या ‘सीएस ४’ आवृत्तीपासून ही सोय आहे. थोडक्या फोटोंसाठी ती पुरते.

मोफत साधनांत ‘पिकोले’ सूक्ष्मदर्शकाखालील चित्रांसाठी लोकप्रिय आहे. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या ‘इमेजजे’मध्ये जोडप्रणाली बसवून हे काम होते. ‘ह्युजिन’ या पॅनोरामा सॉफ्टवेअरसोबत येणारी फोटो जुळवणारी आणि जोडणारी साधनेही वापरता येतात, मात्र त्यासाठी आज्ञा टंकण्याची तयारी हवी. ‘कम्बाइन झेडपी’ हे एकेकाळचे मोफत विंडोज साधन अजून अनेक जुन्या संगणकांवर दिसते, पण त्याचा विकास केव्हाच थांबला आहे.

येथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. ‘हेलिकॉन फोकस’ कॅमेऱ्याच्या मूळ ‘रॉ’ फायली थेट घेऊ शकते. ‘झेरीन स्टॅकर’ला मात्र ‘जेपेग’ किंवा ‘टिफ’ लागते. म्हणजे तेथे ‘रॉ’ आधी दुसऱ्या साधनाने बदलून घ्यावी लागते. ‘सॉफ्टवेअर चालत नाही’ अशा अनेक तक्रारींचे मूळ एवढेच असते.

‘रॉ’ फाइल वेगळी का असते आणि ती उघडत का नाही?

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. ‘कोडॅक’चे ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली ही जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. ‘रॉ’ फाइल म्हणजे या मोजमापांची जवळपास कच्ची नोंद. तिच्यातून रंगीत चित्र नंतर तयार करावे लागते. ‘जेपेग’मध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १२ बिटच्या ‘रॉ’मध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या ‘रॉ’मध्ये १६,३८४. काळवंडलेल्या दगडावरील पुसट अक्षर सावलीतून वर काढायचे, तर या पायऱ्या कामी येतात.

अडचण अशी, की प्रत्येक कंपनीने आपली वेगळी पद्धत ठेवली. एकट्या ‘कॅनन’च्या तीन पिढ्या आहेत. २००३ च्या ‘३००डी’ची ‘सीआरडब्ल्यू’, त्यानंतरची ‘सीआर २’ आणि २०१८ पासूनची ‘सीआर ३’. ‘निकॉन’ची ‘एनईएफ’, ‘मिनोल्टा’ची ‘एमआरडब्ल्यू’, ‘कोडॅक’ची ‘डीसीआर’ ही आणखी काही उदाहरणे. त्यात कंपन्याही बदलल्या. ‘कोनिका मिनोल्टा’ २००६ मध्ये कॅमेरा व्यवसायातून बाहेर पडली, ‘कोडॅक’ने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅमेऱ्यासोबत सीडीवर आलेले सॉफ्टवेअर जुन्या विंडोजपुरते होते. ‘ॲपल’ने २०१९ मध्ये ‘कॅटालिना’ आवृत्तीपासून ३२ बिटचे जुने कार्यक्रम चालवणेच बंद केले. फाइल शाबूत असूनही ती वाचणारे साधन नाहीसे झाले, असे हे चित्र आहे.

‘टिफ’चा चकवा काय आहे?

हा धोका अनेकांना माहीत नसतो. ‘कोडॅक’च्या काही सुरुवातीच्या व्यावसायिक कॅमेऱ्यांनी आणि २००१ च्या ‘कॅनन १डी’ने ‘रॉ’ फायलींना ‘टिफ’ हेच नाव-शेपूट दिले होते. अशी फाइल साध्या चित्रदर्शकात उघडली, की अंगठ्याएवढा लहान फोटो दिसतो. ‘एवढाच फोटो आहे’ असे समजून ती पुन्हा ‘सेव्ह’ केली, तर आतील संपूर्ण मूळ चित्र पुसले जाते आणि उरतो तो फक्त तो लहान फोटो. म्हणून फाइलचा आकार काही एमबी असूनही चित्र अगदी लहान दिसत असेल, तर तेथेच हात थांबवावा.

फायली वाचवण्याचा योग्य क्रम कोणता?

सर्वांत आधी प्रत. कार्ड, सीडी किंवा डिस्क यांवरील सर्व फायली जशाच्या तशा दोन वेगळ्या ठिकाणी उतरवाव्यात आणि त्यांतील एक प्रत ‘केवळ वाचनासाठी’ करून बाजूला ठेवावी. पुढचे सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर. जुने कॅमेरे ‘कॉम्पॅक्ट फ्लॅश’, ‘एक्सडी’, ‘मेमरी स्टिक’ अशी कार्डे वापरत. त्यांचा रीडर मिळाला नाही, तर चालू स्थितीतील कॅमेराच केबलने संगणकाला जोडून फायली घेता येतात.

कार्ड वाचता येत नसेल किंवा चुकून पुसले गेले असेल, तर त्यावर नवा एकही फोटो काढू नये. संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले, तर नकार द्यावा. ‘फोटोरेक’ हे मोफत साधन कार्डावर काहीही न लिहिता त्यातील फायली शोधून काढते. त्या नेहमी दुसऱ्या डिस्कवर उतरवाव्यात. अशा फायलींची मूळ नावे मात्र बहुधा जातात.

यानंतर ओळख. ‘एक्झिफटूल’ हे फिल हार्वे यांचे मोफत साधन फाइलच्या नावावर विश्वास न ठेवता आतील नोंदी वाचते आणि कॅमेरा, तारीख, छिद्र, भिंग हे सांगते. बहुतेक ‘रॉ’ फायलींत कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेली एक ‘जेपेग’ प्रतही दडलेली असते. ‘रॉ’ उघडण्याचे सर्व मार्ग खुंटले, तरी ती बाहेर काढता येते. काही कॅमेऱ्यांत ती पूर्ण आकाराची, काहींत लहान असते.

शेवटी रूपांतर. डेव्ह कॉफिन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या ‘डीसीरॉ’ या मोफत कार्यक्रमाने शेकडो कॅमेऱ्यांच्या बंदिस्त फायली उलगडल्या. २०१८ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही, पण त्याच्याच पायावर उभे असलेले ‘लिबरॉ’ आजही अनेक कार्यक्रमांत वापरले जाते. सर्वसामान्य वापरासाठी ‘रॉथेरपी’ आणि ‘डार्कटेबल’ ही मोफत साधने सोयीची. ‘ॲडोबी’चे मोफत ‘डीएनजी कन्व्हर्टर’ही जुन्या ‘रॉ’ फायली ‘डीएनजी’ या खुल्या स्वरूपात बदलते. हे स्वरूप २००४ मध्ये आले आणि त्याची रचना सर्वांसाठी जाहीर आहे. ‘डीएनजी’ केली म्हणून मूळ फाइल मात्र टाकून देऊ नये.

स्टॅकसाठी रूपांतर करताना कोणती काळजी घ्यावी?

एका मालिकेतील सर्व फोटोंना एकच मापदंड लावणे हे यातील सूत्र. रंगसंतुलन ‘आपोआप’ ठेवले, तर सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोला वेगळा रंग देते आणि जोडलेल्या चित्रात पट्टे उमटतात. त्यामुळे एका फोटोवर रंगसंतुलन आणि उजेड ठरवून तेच बाकीच्यांना लावावे. कडा धारदार करण्याची प्रक्रिया या टप्प्यावर टाळावी, ती शेवटच्या चित्रावर करावी. फायली १६ बिट ‘टिफ’मध्ये काढाव्यात.

येथे जागेचा हिशेब आधी करावा. सहा मेगापिक्सेलच्या ‘निकॉन डी७०’ (२००४) किंवा ‘कॅनन ३००डी’च्या एका फोटोची अशी ‘टिफ’ सुमारे ३६ एमबीची होते, वीस फोटोंची मालिका ७२० एमबीची. हे जुन्या लॅपटॉपलाही झेपते. पण आजच्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक फाइल १४४ एमबीची आणि चाळीस फोटोंची मालिका पावणेसहा जीबीची होते. कमी रॅमचा संगणक तेथे अडतो. अशा वेळी दहा-दहा फोटोंचे गट जोडून नंतर त्या चित्रांची जोडणी करावी. गटांच्या टोकांचे दोन-तीन फोटो दोन्हीकडे घ्यावेत.

चित्र बिघडले, तर कारण कसे ओळखावे?

मधेच धूसर पट्टा दिसत असेल, तर एखादा फोटो गहाळ आहे किंवा काढतानाच फोकसचे पाऊल मोठे पडले आहे. पहिले कारण असेल, तर कार्डात पुन्हा शोध घ्यावा. दुसऱ्याला उपाय नाही. चित्र दुहेरी दिसत असेल, तर वस्तू किंवा कॅमेरा हलला. शेतात वाऱ्यामुळे हे हमखास होते.

फोटोंचा क्रम चुकणे हेही नेहमीचे कारण. कॅमेऱ्यातील क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो. मालिका नेमकी त्या टप्प्यावर काढलेली असेल, तर नावानुसार लावलेला क्रम उलटापालटा होतो. तेथे फोटो काढल्याच्या वेळेनुसार क्रम लावावा. अर्थात जुन्या कॅमेऱ्यातील घड्याळाची बॅटरी संपलेली असेल, तर तारीखही चुकीची असू शकते. तेव्हा डोळ्यांनी पाहून क्रम लावण्याला पर्याय नाही.

जुन्या कॅमेऱ्यांचा खास दोष म्हणजे धुळीच्या रेषा. ‘डी७०’ किंवा ‘३००डी’च्या काळात सेन्सरची धूळ आपोआप झटकण्याची सोय या कॅमेऱ्यांत नव्हती. सेन्सरवरचा धुळीचा कण प्रत्येक फोटोत एकाच जागी असतो. पण जुळणी करताना सॉफ्टवेअर प्रत्येक फोटो थोडा ताणते, त्यामुळे तो ठिपका सरकत जाऊन अंतिम चित्रात ठिपक्यांची रांग उमटते. सतत चमकणाऱ्या सदोष बिंदूंचेही असेच होते. हे डाग जोडणीनंतर नव्हे, तर ‘रॉ’ रूपांतराच्या वेळीच सर्व फोटोंतून एकाच जागी काढावेत.

मदत मागताना काय सांगावे?

‘फाइल उघडत नाही’ एवढ्या माहितीवर कोणालाही उपाय सुचवता येत नाही. कॅमेऱ्याचे नेमके नाव, फाइलचे शेपूट आणि आकार, मालिकेतील फोटोंची संख्या, संगणकाची कार्यप्रणाली आणि रॅम, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि दिसलेला संदेश जसाच्या तसा, एवढे द्यावे. सोबत दोन मूळ फायली जोडाव्यात. त्या व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवू नयेत, कारण तेथे फोटो आक्रसतो आणि आतील नोंदी निघून जातात. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ऑनलाइन साठवणुकीच्या दुव्याने द्यावी. सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांना ईमेलने विचारता येते. जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा संगणकशास्त्र विभागात सूक्ष्मदर्शकावरील कॅमेरा वापरणारे कोणी असेल, तर त्यांचा अनुभवही उपयोगी पडतो. अनोळखी दुकानात एकुलते एक मूळ कार्ड सोडून येणे मात्र टाळावे.

या तंत्राच्या मर्यादा कोणत्या?

जे कॅमेऱ्याने स्पष्ट टिपलेच नाही, ते स्टॅकिंग आणू शकत नाही. एकच धूसर फोटो असेल, तर त्यातून मालिका तयार होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधने अशा फोटोला धार देतात, पण ते बारकावे अंदाजाने भरलेले असतात. लग्नाच्या फोटोत ते चालेल, शिलालेखाच्या अक्षरात किंवा किडीच्या ओळखीत नाही. एखाद्या अक्षराचा काना यंत्राने कल्पनेने भरला, तर वाचनच बदलते.

सपाट शिलालेखासाठी तर मुळात स्टॅकिंगची गरज कमी आणि प्रकाशाची जास्त. सकाळी किंवा संध्याकाळी तिरका उजेड पडतो, तेव्हा झिजलेली अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात. वेगवेगळ्या दिशांनी उजेड टाकून काढलेले फोटो संगणकावर जोडण्याचे तंत्रही आहे. ‘एचपी’च्या प्रयोगशाळेतील टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये ते मांडले. वर्तुळाकार खांब, खोल कोरलेली मूर्ती, नाणे, बी-बियाणे यांसाठी मात्र स्टॅकिंग उपयोगी. वारशाच्या ठिकाणी तिपाई किंवा कृत्रिम प्रकाश लावण्यापूर्वी पुरातत्त्व कार्यालयाची परवानगी विचारावी. कोरीव काम उठून दिसावे म्हणून दगडावर खडू, पावडर किंवा तेल लावणे सर्वस्वी टाळावे.

स्टॅक केलेले चित्र हे अनेक फोटोंचे मिश्रण असते, हेही विसरता कामा नये. संशोधनात किंवा नोंदीत ते वापरताना किती फोटो जोडले, कोणत्या पद्धतीने जोडले आणि कोठे हाताने दुरुस्ती केली हे लिहून ठेवावे. मूळ फोटो सोबत जपावेत.

पुढे काय?

नव्या कॅमेऱ्यांनी काढण्याचे काम सोपे केले आहे. ‘ऑलिम्पस’ने २०१५ मध्ये काही कॅमेऱ्यांत जागच्या जागी स्टॅकिंगची सोय दिली. ‘निकॉन’च्या ‘डी८५०’मध्ये २०१७ मध्ये, तर ‘कॅनन’च्या ‘ईओएस आरपी’मध्ये २०१९ मध्ये फोकस आपोआप सरकवत फोटो काढण्याची सुविधा आली. पण जपण्याचा प्रश्न तसाच आहे. आजची ‘सीआर ३’ही वीस वर्षांनी जुनीच होणार आहे.

त्यामुळे प्रत्येक मालिकेच्या फोल्डरमध्ये चार गोष्टी असाव्यात. मूळ ‘रॉ’ फायली, त्यांची ‘डीएनजी’ किंवा ‘टिफ’ प्रत, जोडलेले अंतिम चित्र आणि एक साधी मजकूर-फाइल. तिच्यात ठिकाण, तारीख, कॅमेरा, वस्तूचे वर्णन आणि सोबत ठेवलेल्या मोजपट्टीचे माप लिहावे. प्रती किमान दोन, त्याही वेगळ्या जागी. वर्षातून एकदा त्या उघडून पाहाव्यात. कंधारच्या दगडावरील अक्षरे हजार वर्षे टिकली, कारण ती वाचायला डोळ्यांपलीकडे कोणतेही साधन लागत नव्हते. त्यांची छायाचित्रे पुढच्या पिढीला वाचता यावीत, तर त्यासोबत ती वाचण्याची पद्धतही लिहून ठेवावी लागेल.